रोलिंग म्हणजे ‘आज निघालं, उद्या आलं’ नव्हे

लिनक्सच्या रोलिंग शाखेत, म्हणजे ठरावीक आवृत्त्यांऐवजी सतत अपडेट येत राहणाऱ्या शाखेत, नवं डेस्कटॉप (खिडक्या-मेनूंचा दर्शनी भाग) उशिरा आलं की सॉफ्टवेअरची पॅकेजं बांधणाऱ्यांबद्दल ‘पॅकेजवाले झोपा काढतायत’ हे ठरलेलं वाक्य कानावर येतं. निदान डेबियन या लिनक्स वितरणाच्या ‘सिड’ या सतत बदलत्या शाखेबाबत तरी हा समज चुकीचा आहे.

केडीई प्लाझ्मा ६ हे डेस्कटॉप आलं २८ फेब्रुवारी २०२४ ला. नेमकं तेव्हाच सिडमध्ये भलतंच मोठं काम चालू होतं. ३२-बिट यंत्रांची वेळमोजणी २०३८ साली संपते, म्हणून ती ६४-बिट करायची होती. त्यासाठी शेकडो लायब्ररींच्या (अनेक प्रोग्राम वापरतात त्या सामायिक कोडच्या) पॅकेजांची नावं बदलली आणि त्यांच्यावर विसंबलेलं सगळं पुन्हा बिल्ड करावं, म्हणजे मूळ कोडपासून तयार करावं लागलं. अशा धुमश्चक्रीत अख्खं डेस्कटॉप कोण बदलेल?

शिवाय प्लाझ्मा म्हणजे एक पॅकेज नाही. क्यूटी ६, फ्रेमवर्क्स ६ या पायाभूत लायब्ररी असं सगळं गाठोडं सोबत येतं. नव्या नावाचं पॅकेज आलं की संग्रह सांभाळणारे स्वयंसेवक त्याचे परवाने तपासतात, तोवर ते रांगेत. पुढे सिडमधून ‘टेस्टिंग’मध्ये, म्हणजे पुढची स्थिर आवृत्ती घडते त्या शाखेत जायला साधारण पाच दिवस थांबायचं, नवा गंभीर बग नको, आधी ज्या आर्किटेक्चरवर (प्रोसेसरच्या प्रकारांवर) बिल्ड होत होतं त्या सगळ्यांवर व्हायला हवं. एकमेकांत गुंतलेल्या पॅकेजांपैकी एक अडलं की बाकीचीही अडतात.

आर्च या दुसऱ्या रोलिंग लिनक्सला प्लाझ्मा ६ मार्चमध्येच मिळालं, खरं आहे. पण आर्चला अधिकृतपणे एकच आर्किटेक्चर सांभाळायचं असतं.

पॅकेज कुठे अडलंय ते डेबियनच्या पॅकेज ट्रॅकरवर कारणासकट दिसतं. शिव्या घालण्याआधी तेवढं बघा.