परदेशात मुलावर अत्याचार, आरोपी भारतीय: फिर्याद इथे कशी द्यायची

‘गुन्हा दुबईत घडलाय, तिकडेच जा’ असं पोलीस ठाण्यात ऐकवलं गेलं, तर तिथून परत फिरू नका. भारतीय नागरिकाने जगात कुठेही केलेला गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १ नुसार इथे शिक्षेला पात्र असतो.

पात्रता ठरते ती आरोपीच्या नागरिकत्वावरून. मूल कुठल्याही देशाचं असू शकतं. आरोपीकडे फक्त ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) असेल तर तो भारतीय नागरिक नाही. त्याच्यावर हा मार्ग चालत नाही. अपवाद भारतात नोंदणी झालेल्या जहाजाचा किंवा विमानाचा.

फिर्याद कुठे? पूर्वी आरोपी भारतात जिथे सापडेल तिथलं न्यायालय लागायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटल्याची पद्धत ठरवणारा कायदा) कलम २०८ मध्ये ‘जिथे गुन्हा नोंदवला गेला’ ते ठिकाणही आलं आहे. घटना त्या तारखेआधीची असेल तर कलमं भादंविची (जुन्या भारतीय दंड संहितेची) लागतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीवरून. मंजुरी हवी, पण खटल्यासाठी. एफआयआर आणि तपास तिच्यासाठी अडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये थोटा वेंकटेश्वरलू प्रकरणात स्पष्ट केलं आहे. हे नाव कागदावर लिहून सोबत न्या. मंजुरीचा प्रस्ताव पाठवणं हे पोलिसांचं काम, कुटुंबाचं नाही. तरीही नोंद नाकारली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवा. तिथेही दाद नाही मिळाली तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.

सोबत मुलाच्या वयाचा पुरावा (जन्मदाखला किंवा पासपोर्ट), आरोपीच्या पासपोर्टची प्रत किंवा निदान क्रमांक, दोघं त्या देशात होते हे दाखवणारे व्हिसाचे शिक्के, तिथला वैद्यकीय अहवाल आणि पोलीस तक्रारीची प्रत असावी. अरबीतल्या कागदांचं प्रमाणित भाषांतर करून घ्या. यातलं काही हाताशी नसलं तरी फिर्याद थांबवू नका, कागद मागाहून देता येतात. चॅट असलेला फोन मात्र आहे तसा जपा, काहीही पुसू नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही, साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं.

पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) कायदा ‘संपूर्ण भारताला’ लागू आहे, परदेशातल्या कृत्यांसाठी त्यात वेगळी तरतूद नाही. म्हणून फिर्यादीत न्याय संहितेची (१ जुलै २०२४ आधीची घटना असेल तर भादंविची) कलमं आहेत ना, हे वाचूनच सही करा. पीडित मुलगा असेल तर आधी वकील गाठा: न्याय संहितेतलं बलात्काराचं कलम फक्त स्त्री पीडितेसाठी आहे आणि भादंवितलं अनैसर्गिक संभोगाचं कलम ३७७ तिच्यात उरलेलं नाही. ही उणीव संसदेने भरून काढायलाच हवी.

परदेशातले साक्षीदार इथे आलेच पाहिजेत असं नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २०९ नुसार केंद्राच्या निर्देशाने, तिथल्या न्यायिक अधिकाऱ्यासमोर किंवा आपल्या दूतावासात दिलेला जबाब न्यायालय ग्राह्य धरू शकतं. कुटुंब अजून तिकडेच असेल तर तिथल्या पोलिसांत तक्रार करा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवरही नोंद करा. भारतात मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.