तीन ॲमिनो आम्लांवरून जोडी ओळखता येते का? मेंदूतील रिसेप्टरांच्या वादाची पार्श्वभूमी

रिसेप्टर म्हणजे पेशीपटलात बसून रासायनिक संदेश पकडणारे प्रथिन. दोन रिसेप्टरांची जोडी जमते ती त्यांच्यातल्या सलग तीन ॲमिनो आम्लांच्या सामाईक तुकड्यांमुळे, असे २०१० मध्ये सुचवले गेले; तो पुरावा मानायचा का, हा वाद आहे. मुळात एक रिसेप्टर शेजारच्या रिसेप्टरचे वागणे बदलतो, हा विचार १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमधल्या प्रयोगांतून पुढे आला. न्यूरोपेप्टाइड (चेतापेशींचा छोटा प्रथिनासारखा संदेशरेणू) घातले की त्याच पेशीपटलातल्या दुसऱ्या रिसेप्टरची आपल्या रेणूवरची पकड बदलत होती. १९९१ मध्ये उंदराच्या स्ट्रायटममधून (हालचालींशी निगडित मेंदूच्या भागातून) वेगळ्या काढलेल्या पटलांवर याचे ठळक उदाहरण मिळाले. ॲडेनोसीनचा ए२ए रिसेप्टर चेतवला की डोपामीनच्या डी२ रिसेप्टरची डोपामीनसारख्या रेणूंवरची पकड सैल पडत असे. पेशी अखंड नसतानाही परिणाम दिसत होता, त्यामुळे दोन्ही प्रथिने एकमेकांना प्रत्यक्ष भिडत असावीत अशी शंका बळावली. नेमकी कुठे, याचा पत्ता मात्र पुढची दहा-बारा वर्षे लागला नाही.

मधल्या काळात, रिसेप्टरांच्या जोड्या खरोखर जमतात का हा मोठा प्रश्न गाबा-बी रिसेप्टरने (गाबा या मेंदूतल्या संदेशरेणूच्या रिसेप्टरने) निकालात काढला. दोन वेगळी उपएकके, म्हणजे घटक प्रथिने, एकत्र आल्याशिवाय तो काम करत नाही, हे १९९८ मध्ये दिसले. पाठोपाठ पहिल्या उपएककाच्या पेशीच्या आत लोंबणाऱ्या टोकात, म्हणजे शेपटीत, आर्जिनीन-सेरीन-आर्जिनीन-आर्जिनीन असा चारच आम्लांचा तुकडा सापडला. हा तुकडा उघडा असेपर्यंत उपएकक पेशीच्या आतच अडकून राहते. जोडीदाराची शेपटी या शेपटीभोवती गुंफली गेली की तुकडा झाकला जातो आणि जोडी पृष्ठभागावर येते. इतका छोटा अनुक्रम एवढा मोठा निर्णय घेऊ शकतो, हे तेव्हापासून कोणी नाकारलेले नाही.

ए२ए आणि डी२ यांच्याबाबत उत्तर आले ते २००४ च्या सुमारास. डी२ च्या पेशीच्या आतल्या तिसऱ्या फासात, २१७ ते २२२ या जागांवर, चार आर्जिनीन, एक लायसीन आणि पुन्हा एक आर्जिनीन अशी रांग आहे. हे सगळे धनभारित. ए२ए च्या लांब शेपटीत ४०१ आणि ४०२ या जागांवर ॲस्पार्टिक आम्लाची जोडी आहे आणि ३७४ वर एक सेरीन, ज्यावर फॉस्फेट बसू शकतो. हे ऋणभारित. वस्तुमान-वर्णपटाने (रेणूंचे वस्तुमान मोजून ते ओळखण्याच्या तंत्राने) तपासले तेव्हा आर्जिनीन आणि फॉस्फेट यांचा हा विद्युतबंध अपेक्षेपेक्षा फारच चिवट निघाला. फॉस्फेट चढवणे-उतरवणे हे पेशीच्या हातात असल्याने दोघांमधला संवाद कमी-जास्त करायची सोयही त्यात आहे. पुढे ३७४ वरच्या सेरीनच्या जागी अलानीन बसवले तेव्हा दोन रिसेप्टर किती जवळ आहेत हे दाखवणारा, त्यांना जोडलेल्या टॅगांमधून (खूण म्हणून लावलेल्या रेणूंतून) मिळणारा संकेत उतरला. या विषयातले सर्वांत भक्कम काम हेच. एक आम्ल बदलले, परिणाम मोजला, आणि तो दिसला.

२०१० मध्ये आलेल्या ‘त्रिकां’च्या मांडणीबद्दल तसे म्हणता येत नाही, आणि मतभेद आहे तो इथेच. जोडी जमणाऱ्या आणि न जमणाऱ्या रिसेप्टरांच्या दोन याद्या घेतल्या गेल्या. जमणाऱ्या जोडीतल्या दोन्ही प्रथिनांत सामाईक असलेली, पण न जमणाऱ्यांत त्या प्रमाणात न दिसणारी सलग तीन आम्लांची त्रिके गणिताने शोधली आणि तीच जोडीला वाट दाखवतात असे सुचवले. कल्पना देखणी आहे. पण साधा हिशोब करून पाहा. वीस आम्लांची त्रिके होतात ८,०००. माणसाच्या डी२ मध्ये ४४३ आम्ले, ए२ए मध्ये ४१२. आम्ले निव्वळ यदृच्छेने मांडली तरी दोघांत सुमारे २२ त्रिके जुळतील. त्यात पटलातून जाणारे भाग ल्युसीन, व्हॅलीन, आयसोल्युसीन यांनी भरलेले, म्हणजे जुळणी आणखी वाढणार. सगळा भार पडतो तो ‘न जमणाऱ्या’ यादीवर. ती यादी मुख्यतः संकेत न मिळालेल्या प्रयोगांची, आणि संकेत न मिळणे म्हणजे जोडी नसणे नव्हे. टॅग चुकीच्या टोकाला लावला तरी संकेत हरवतो. त्रिके कुठे शोधायची याची दिशा म्हणून उपयोगी आहेत. पुरावा म्हणून त्यांचा दाखला देणे घाईचे आहे.

पुरावा कशाला म्हणायचे, याचे निकष त्याआधीच, २००७ मध्ये, एका आंतरराष्ट्रीय समितीने ठरवले होते. खऱ्या ऊतीत प्रत्यक्ष सान्निध्य, जोडीचाच असा वेगळा गुणधर्म, आणि जिवंत प्राण्यात खात्री. या तीनपैकी किमान दोन हवेत. अनुक्रमातली साम्ये त्यात नाहीत, ते योग्यच.

अलीकडचे काम पेप्टाइडांकडे वळले आहे. दोन रिसेप्टर जिथे भिडतात त्या सांध्याचाच तुकडा, म्हणजे आम्लांची छोटी साखळी, बनवून पेशीत सोडायचा आणि जोडी सुटते का पाहायचे. डोपामीनच्याच डी१ आणि डी२ या रिसेप्टरांच्या जोडीसाठीच्या अशा पेप्टाइडने २०१० मध्ये उंदरांत नैराश्यरोधकासारखा परिणाम दाखवला. २०१५ मध्ये दुसऱ्या गटाने स्ट्रायटममध्ये ही जोडी असल्याविरुद्धच पुरावा मांडला. ए२ए-डी२ साठी रिसेप्टरच्या पटलातून जाणाऱ्या सर्पिल भागांपैकी चौथ्या आणि पाचव्या सर्पिलांची पेप्टाइडे वापरून झाली, आणि त्यातून सांधा शेपटीपुरता नाही हे कळले. २०२० मध्ये गाबा-बीच्या त्रिमितीय रचना मिळाल्या, तेव्हा सक्रिय अवस्थेत दोन्ही उपएकके सहाव्या सर्पिलांनी भिडतात हे दिसले. दवाखान्यापर्यंत पोचले ते इस्ट्राडेफिलीन हे औषध, कंपवातासाठी जपानमध्ये २०१३ ला आणि अमेरिकेत २०१९ ला मंजूर झालेले. पण ते ए२ए चा नेहमीचा खिसाच (ॲडेनोसीन बसते ती जागाच) अडवते, सांध्याला हात लावत नाही.