एसपीडी की एसपीडी-एसएल? नावात दोन अक्षरं, बुटात मोठा फरक

दोन्ही सायकलची पेडल, शिमानो या जपानी कंपनीची. दोन्हींत क्लीट, म्हणजे बुटाच्या सोलला बोल्टने लावलेला तुकडा, खटकन अडकते आणि दोन्हींतून पाय सोडवायचा तो एरवी टाच बाहेर वळवून. त्यामुळे ऑनलाइन मागवताना एकाचे बूट आणि दुसऱ्याची पेडल असा जोड घरी येऊन पडतो. तो एकमेकांत बसत नाही.

फरक बुटाच्या तळाशी बघा. एसपीडीची क्लीट धातूची, लहानशी, दोन बोल्टांवर बसणारी आणि सोलच्या खोबणीत दडलेली. एसपीडी-एसएलची प्लास्टिकची, चांगली रुंद, तीन बोल्टांची आणि सोलच्या बाहेर आलेली. एसपीडी १९९० मध्ये माउंटन बाइकसाठी आली. तीन बोल्टांची तऱ्हा लूककडून आलेली. स्कीला बूट अडकवणारी बाइंडिंग बनवणाऱ्या या फ्रेंच कंपनीने १९८४ मध्ये असं पेडल काढलं आणि पुढच्याच वर्षी फ्रेंच सायकलपटू बर्नार इनोने ते वापरून टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली. म्हणजे एक पेडल चिखलात उतरावं लागणार हे धरून घडलंय, दुसरं शर्यत संपेपर्यंत कोण कशाला उतरतंय हे धरून.

नाशिकला उतरावं लागतंच. त्र्यंबक रस्त्याला चहासाठी थांबलात, की टपरीसमोरच्या गुळगुळीत फरशीवर एसपीडी-एसएलवाला भिंत धरत चालतो. टाच खाली, चवडा वर, आणि प्रत्येक पावलाला क्लीट झिजतेय. एसपीडीवाला तोवर भजी घेऊन बसलेला असतो. पावसाळ्यात पहिने-अंजनेरीकडे रस्त्याकडेला पाय टेकला, तर मातीचा गोळा दोन्हींत बसतो. पण एसपीडीचा आपटून पडतो, दुसऱ्याचा काडीने कोरावा लागतो.

शहरातही तेच. बहुतेक एसपीडी पेडलं दोन्ही बाजूंनी अडकतात. एसपीडी-एसएल एकाच बाजूने. पेडल नाक वर करून लोंबकळतं, त्यात आधी क्लीटचं टोक घालून मग दाबायचं. द्वारका चौकात सिग्नल सुटल्यावर मागून बस हॉर्न मारत असताना हे जमवून बघा.

मग एसएल घ्यायचं कोणी? ज्याला वेगाची हौस आहे आणि जो मध्ये फारसा थांबत नाही त्याने. कसारा घाट चढताना रुंद क्लीटमुळे दाब तळव्यावर पसरतो, एकाच जागी आग होत नाही. पण कडक सोलचा बूट असेल तर हा फायदा एसपीडीतही बराचसा मिळतो. त्यामुळे माझं मत सरळ आहे: पहिली जोडी एसपीडीचीच.

क्लीटमध्येही निवड असते. एसपीडी-एसएलच्या पिवळ्या क्लीटमध्ये पायाला ६ अंश हलायला वाव, निळ्यात २, लाल अगदी घट्ट. गुडघ्याची काळजी असेल तर पिवळीच. एसपीडीत एसएच५१ नेहमीची. एसएच५६ टाच इतर दिशांना झटकली तरी सुटते. नवख्याला धीर देते, पण उभं राहून जोर लावताना नको तेव्हा सुटूही शकते.

सवयीचं म्हणाल, तर आधी ॲलन कीने (षटकोनी किल्लीने) पेडलची क्लीट धरणारी स्प्रिंग पार सैल करा. नवं पेडल दुकानातून कधीकधी घट्टच येतं. क्लीट चवड्याच्या फुगीर भागाखाली किंवा किंचित मागे बसवा. मग भिंतीला धरून एकेक पाय अडकवा-सोडवा, आणि पुढे मोकळ्या मैदानात गवतावर. रस्त्यावर आल्यावर दोन गोष्टी पाळा. पाय थांबल्यावर नाही, चाक फिरत असतानाच सोडवायचा. आणि नेहमी डावाच. आपल्याकडे डावीकडे रस्त्याची कड असते, उजवीकडे ट्रक. डावा पाय सुटला की अंगही डावीकडेच झुकवा. पाय डावा मोकळा आणि तोल उजवीकडे गेला, तर आडवे व्हाल ते ट्रकच्या बाजूलाच.

गुडघा दुखायला लागला तर पेडलला दोष देण्याआधी क्लीटचा कोन तपासा. बोल्ट सैल करून एखादा मिलिमीटर सरकवा, थोडं चालवून बघा, मग पुन्हा सरकवा. आधीच्या जागेची खूण मार्करने करून ठेवा, नाहीतर कुठून कुठे आलो ते कळत नाही.