प्रेमभाषा

जोडीदार आपले प्रेम कोणत्या रीतीने व्यक्त करतो आणि कोणत्या रीतीने व्यक्त झालेले प्रेम त्याला जाणवते, यासंबंधीची संकल्पना. ‘भाषा’ हा शब्द येथे लाक्षणिक अर्थाने योजलेला असून त्यात बोलण्याइतकाच कृती, सहवास आणि स्पर्श यांचाही समावेश होतो. दोघांच्या रीती भिन्न असल्या, तर एकाने मनापासून दिलेले दुसऱ्यापर्यंत पोचत नाही, असे तीत गृहीत धरले आहे.

संज्ञेचा प्रसार गॅरी चॅपमन या अमेरिकन धर्मोपदेशक व विवाह-समुपदेशकाच्या १९९२ मधील पुस्तकामुळे झाला. कौतुकाचे शब्द, निवांत सहवास, भेटवस्तू, सेवा आणि स्पर्श हे त्यांनी मानलेले पाच प्रकार समुपदेशनातील अनुभवातून आलेले होते. संज्ञा नवी असली, तरी कल्पनाही तेवढीच नवी आहे काय, याचे उत्तर निरनिराळे देता येते. जॉन ॲलन ली (१९७३) आणि रॉबर्ट स्टर्नबर्ग (१९८६) या अभ्यासकांनी प्रेमाचे प्रकार व घटक सांगितले. पण त्यांचा प्रश्न प्रेम म्हणजे काय हा होता, ते पोचते कसे हा नव्हे. त्यापेक्षा भरताच्या नाट्यशास्त्रातील (साधारणतः इ. स. पू. दुसरे ते इ. स. दुसरे शतक) ‘अनुभाव’ ही कल्पना अधिक जवळची वाटते, कारण मनातील रती, म्हणजे प्रेमभाव, कटाक्ष, स्मित, रोमांच यांवरून ओळखावी असे तीत अभिप्रेत आहे. माहाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशती या काव्यसंग्रहाचाही येथे विचार करावा लागतो. परंपरेने ती हाल सातवाहन या राजाची, म्हणजे सुमारे पहिल्या शतकातील मानली जाते. काही अभ्यासक मात्र आजचा संग्रह बऱ्याच नंतरचा ठरवतात. मूळ गाभा जुना आणि भर उत्तरकालीन, हे मत अधिक ग्राह्य दिसते. तिच्यातील स्त्रिया मनातले क्वचितच उघड बोलतात, आणि काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनीची, म्हणजे सूचित अर्थाची, उदाहरणे म्हणून अशाच प्राकृत गाथा घेतल्या. तथापि तेथे आधुनिक संकल्पनेचा थेट उगम शोधणे ओढाताणीचे होईल. काव्यशास्त्रात अर्थ ग्रहण करणारा सहृदय रसिक असतो, प्रेमभाषेत तो जोडीदार आहे.

एमिली इम्पेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये घेतलेल्या संशोधन-आढाव्यानुसार, प्रत्येकाची एकच मुख्य प्रेमभाषा असते, प्रकार पाचच असतात आणि भाषा जुळल्याने समाधान वाढते, या तिन्ही गृहीतकांना भक्कम आधार नाही. त्यांनी प्रेमाला भाषेऐवजी सकस आहाराची उपमा सुचवली आहे, म्हणजे थोडे थोडे सर्वच हवे. ही उपमा अधिक समर्पक आहे.

मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी बोलणाऱ्या सोलापुरात शब्दांवाचूनची अभिव्यक्ती विशेष ठळक दिसते. नवरा यंत्रमागावर पाळीला आणि बायको घरी विड्या वळणारी, अशा संसारात निवांत सहवास दुर्मीळ असतो. तिने डब्यात बांधलेली कडक भाकरी व शेंगाचटणी, त्याने सुटीच्या दिवशी तयार विड्या कारखान्यात पोचवणे, यांतच बरेच काही सांगून होते. एरवी ‘अहो’वर भागवणारी स्त्री उखाण्यात पतीचे नाव चारचौघांत घेते, तेव्हा शब्दांना मिळणारे वजन वेगळेच असते.

अभिव्यक्ती आणि स्वीकार यांची रूपे निराळी असू शकतात, याचे शहराला परिचित असलेले उदाहरण भक्तिपरंपरेतले आहे. बाराव्या शतकातील विरक्त शिवयोगी सिद्धरामेश्वर यांच्याशी विवाह करण्याची इच्छा कुंभारकन्येने व्यक्त केली असता त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाहाची अनुमती दिली, अशी आख्यायिका आहे. भोगीच्या दिवशी सोलापुरातील संमती कट्ट्याजवळ या विवाहाचा अक्षता सोहळा होतो आणि संमतिवाचन झाल्यावरच अक्षता पडतात.

जोडीदाराची रीत ओळखताना तो न सांगता काय करतो, वारंवार काय मागतो आणि त्याची नेहमीची तक्रार कोणती, हे पाहिले जाते. यांपैकी तक्रार सर्वांत बोलकी असते: ‘घरात सगळं आणून देता, पण दोन शब्द बोलत नाही’ या वाक्यात दोघांच्याही रीती एकत्र सापडतात.