हिट, सेशन, युजर: आकड्यांमागचे संकेत

वाचक आला केव्हा आणि गेला केव्हा, हे वेब सर्व्हरला, म्हणजे साइटची पाने पुरवणाऱ्या संगणकाला, कळत नाही. अमुक आयपी पत्त्यावरून अमुक वाजता अमुक फाइल मागितली गेली, एवढीच ओळ त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, पडते. नव्वदच्या दशकात या ओळी मोजल्या की झाली आकडेवारी. एक ओळ म्हणजे एक हिट. पानावर दहा चित्रे असली तर एकाच वाचकाचे अकरा हिट! 'लाखो हिट'च्या बढाया तेव्हा सहज खपायच्या, त्या यामुळेच.

पेजव्ह्यूने, म्हणजे फाइलींऐवजी पाने मोजण्याने, ही सूज उतरवली, पण माणसे मोजायची कशी? एका प्रॉक्सीमागे, म्हणजे सर्वांच्या मागण्या एकाच पत्त्यावरून पाठवणाऱ्या संगणकामागे, अख्खे ऑफिस बसलेले असू शकते. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीत लू मॉन्टुली यांनी कुकी, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी खूण, आणली, ती खरेदीची टोपली लक्षात राहावी म्हणून. मोजणीवाल्यांनी ती लगेच उचलली. मात्र कुकी ओळखते ब्राउझरला. फोनवर आणि लॅपटॉपवर वाचणारा एकच माणूस आजही बहुतेकदा दोन 'युजर' ठरतो.

सेशनची, म्हणजे वाचकाच्या एका सलग भेटीची, गोष्ट जास्त मजेशीर आहे. अटलांटातल्या जॉर्जिया टेकमधल्या लारा कॅटलेज आणि जेम्स पिटकाव यांनी १९९५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन क्लिकमधले सरासरी अंतर ९.३ मिनिटे निघाले. त्यात दीड प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप) मिळवून त्यांनी २५.५ मिनिटांची सीमा धरली: त्याहून मोठा खंड पडला की नवे सेशन. पुढे या क्षेत्रात ३० मिनिटांचा संकेत रूढ झाला आणि गूगल अॅनालिटिक्स या भेटी मोजणाऱ्या साधनात तो अजून डिफॉल्ट आहे. चहा घेऊन पस्तिसाव्या मिनिटाला परतलात, की तुमची नवी भेट सुरू! यात निसर्गनियम काही नाही, सोयीची रेघ आहे.

गूगलने २००५ मध्ये सॅन डिएगोची अर्चिन ही कंपनी घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अॅनालिटिक्स फुकट खुले केले. वाचक कुठून आला ते कळावे म्हणून लिंकांना चिकटणाऱ्या 'यूटीएम' या खुणेतला यू अर्चिनचाच. मोजणी सर्वांच्या हाती आली, व्याख्या मात्र गूगलच्या राहिल्या.

त्या बदलल्याही. जुन्या पद्धतीत एकच लेख दहा मिनिटे वाचून निघून गेलेला माणूस सहसा 'बाउन्स', म्हणजे आला तसा गेला, असा धरला जाई आणि त्याचा वेळ शून्य दिसे, कारण वेळ मोजायला पुढची क्लिकच नसे. जीए४ या गूगल अॅनालिटिक्सच्या नव्या आवृत्तीत दहा सेकंदांहून जास्त थांबलेला वाचक बाउन्समध्ये येत नाही. जुलै २०२३ मध्ये जुनी मोजणी बंद झाली आणि अनेकांचा बाउन्स रेट (बाउन्स झालेल्या भेटींचे प्रमाण) साइटला हातही न लावता बदलला. तेव्हा त्याआधीचा आणि नंतरचा आलेख एकमेकांना जोडू नयेत.