समुद्राचं पाणी गोडं करायला खासगी पैसा: मिंजूरची गोष्ट

मुंबईत मनोरीच्या डिसॅलिनेशन प्लांटचं नाव निघालं की कोणीतरी म्हणतंच, खासगी कंपनीला द्या ना, पालिकेचा पैसा कशाला घालता. हे चेन्नईने आधीच करून बघितलंय.

२००३-०४ च्या दुष्काळात चेन्नईचे तलाव आटले, शहर टँकरवर आलं, आणि पाऊस पडो न पडो चालेल असा सोर्स हवा हे सगळ्यांना पटलं. पण प्लांटला शेकडो कोटी लागणार, ते एकदम कुठून आणायचे? म्हणून डीबूट मॉडेल, म्हणजे कंपनीनेच डिझाईन करायचं, बांधायचं, मालकी ठेवायची, चालवायचं आणि २५ वर्षांनी सरकारला सोपवायचं. हैदराबादची आयव्हीआरसीएल आणि स्पेनची बेफेसा एकत्र आल्या, २००५ मध्ये करार झाला आणि शहराच्या उत्तरेला मिंजूरजवळ काट्टुपल्लीला रोज १० कोटी लिटरचा प्लांट जुलै २०१० मध्ये सुरू झाला.

आता मुद्दा असा की बँका कर्ज देतात ते समुद्र बघून नाही, गिऱ्हाईक बघून. इथे गिऱ्हाईक एकच, मेट्रोवॉटर, म्हणजे चेन्नईला पाणी पुरवणारी सरकारी संस्था, आणि दर ठरला हजार लिटरला ४८.६६ रुपये. पूर्ण क्षमतेने घेतलं तर दिवसाला जवळपास ४९ लाख! त्यात रिव्हर्स ऑस्मोसिसला (जोराच्या दाबाने पाणी बारीक पडद्यातून ढकलून मीठ वेगळं करायची पद्धत) हजार लिटरमागे साधारण ३-४ युनिट वीज लागते, त्यामुळे दर फार खाली येणार तरी कसा. म्हणजे सुरुवातीचा चेक कंपनीने फाडला, पण हप्ते शेवटी पाणीवाल्या संस्थेनेच भरायचे, फक्त ते बिलात दिसतात, कर्जात दिसत नाहीत. (हिशोबाच्या वहीत मस्त दिसतं हे.)

पुढे बेफेसाची मूळ कंपनी अबेंगोआ २०१५ मध्ये कर्जात बुडाली, आयव्हीआरसीएल २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. प्लांटसाठी वेगळी कंपनी काढलेली होती, तिचा इथे उपयोग झाला, पाणी येत राहिलं.

पण चेन्नईने हे मॉडेल पुन्हा नाही उचललं, माझ्या मते हे जास्त बोलकं आहे. शहराच्या दक्षिणेला नेम्मेलीचा पहिला प्लांट २०१३ मध्ये आला तो सरकारी पैशातून. तिथलाच दुसरा, १५ कोटी लिटरचा, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, जर्मन सरकारच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जातून. त्याच भागातल्या पेरूरच्या ४० कोटी लिटरवाल्याला जायका या जपानच्या सरकारी संस्थेचं कर्ज. कंपन्या आहेतच, पण बांधायला आणि चालवायला, पैसा उभा करायला नाही.