इफच्या खाली एल्स, आणि तरीही चूक

"मामा, सरळ रेषेत तर आहे! अजून काय हवंय ह्याला?" अकरावीतल्या माझ्या भाचीनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पायथॉन ह्या संगणकाच्या भाषेतलं गणित साधं होतं. गुण 33 किंवा त्याहून जास्त असतील तर 'पास' छापायचं, नाहीतर 'नापास'. वरच्या ओळीत 'इफ' म्हणजे 'जर', बरोब्बर त्याच्या खाली 'एल्स' म्हणजे 'नाहीतर'. वहीत अस्संच लिहून दिलेलं. तरी एंटर मारला की लाल अक्षरांत चूक. तीनदा पुसून लिहिलं, आणि मग "मला लॉजिकच नाहीये" म्हणून तिनं लॅपटॉप मिटून टाकला.

लॉजिक तिचं पक्कं होतं. फसवत होती ती समोरची खिडकी.

कोड लिहायच्या ह्या खिडकीचं नाव आयडल. 1999 साली पायथॉनच्या 1.5.2 आवृत्तीबरोबर ती पहिल्यांदा आली आणि आजही पायथॉनसोबत फुकट मिळते. आपल्याकडे सीबीएसईच्या अकरावीतली कितीतरी मुलं पायथॉनची पहिली ओळ तिच्यातच लिहितात. आपण ओळ लिहायची, इंटरप्रिटरनं, म्हणजे कोड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमनं, ती लगेच चालवून दाखवायची. 'आता तुम्ही लिहा' हे सांगायला ओळीच्या सुरुवातीला >>> अशी खूण येते. तीन कोन आणि एक मोकळी जागा, मिळून चार घरं. सगळा घोळ ह्या चार घरांचा.

कुठली ओळ कुणाच्या पोटात, हे पायथॉन कंसांवरून ठरवत नाही. ओळीच्या डावीकडे किती घरं मोकळी आहेत त्यावरून ठरवतो. त्यासाठी तो आकड्यांची चवड ठेवतो, ताटांची ठेवतो तशी. तळाला कायम 0. नवी ओळ आली की तिची मोकळी घरं मोजायची. चवडीच्या वरच्या आकड्याएवढीच असली तर आपण त्याच पातळीवर. जास्त असली तर नवा आकडा चवडीवर ठेवायचा, म्हणजे एक पातळी आत. कमी असली तर बरोबरीचा आकडा सापडेपर्यंत वरचे आकडे उचलत जायचं. सापडलाच नाही तर चूक. मला ही युक्ती फार आवडते. एवढ्याशा नियमावर अख्ख्या भाषेची मांडणी उभी आहे.

आता भाचीचा कोड ह्या चवडीवर ठेवून पाहू. >>> ही खूण आयडलची. इंटरप्रिटरकडे ती जातच नाही. म्हणून पडद्यावर चार घरं सोडून दिसणारा 'इफ' त्याच्या लेखी शून्यावर असतो. चवड: 0. एंटर मारल्यावर जुनं आयडल आपणहून टॅब टाकायचं आणि टॅबची उडी आठव्या घरापर्यंत. 'पास' छापायची ओळ तिथून सुरू. चवड: 0, 8. मग पुढच्या ओळीवरचा टॅब पुसून पोरीनं 'एल्स' डोळ्यांना दिसणाऱ्या 'इफ'खाली आणायला स्पेसबार चार वेळा दाबला. घरं झाली 4. पायथॉननं 8 उचलला, खाली 0 निघाला, 4 कुठेच नाही. झाली चूक! बरोबर उत्तर हवं असेल तर 'एल्स' अगदी डाव्या कडेला, >>> च्या खाली, म्हणजे दिसायला साफ वाकडा लिहायचा. डोळ्यांना सरळ ते यंत्राला वाकडं.

ऑक्टोबर 2021 मध्ये आलेल्या 3.10 आवृत्तीत हे दुखणं मुळापासून काढलं. >>> ही खूण मजकुरातून उचलून डावीकडच्या वेगळ्या पट्टीत नेली. आयडल मजकुराच्या चौकटीला विचारतं, दिसणारी प्रत्येक ओळ वरून किती अंतरावर आहे, आणि पट्टीवर नेमक्या त्या उंचीला खूण रंगवतं. ओळी वर सरकल्या की खुणा पुन्हा रंगवायच्या. चालू असलेल्या कोडच्या पुढच्या ओळींना ... अशी तीन टिंबं. मजकुरात उरतो निव्वळ कोड. मग टॅबचीही गरज उरली नाही. चार स्पेस पुरतात, आणि 'इफ'खाली 'एल्स' खरोखरच 'इफ'खाली येतो. इथला कोड उचलून फाइलमध्ये चिकटवला तर >>> चिकटून येत नाही. खुणांसकटच हवा असेल तर उजव्या क्लिकवर तशी वेगळी सोय आहे.

'सहाव्या वर्षी ॲप बनवा'च्या जाहिराती आणि 'कोडिंगचं डोकं जन्मजातच लागतं' हा समज, दोन्ही मला सारखेच घातक वाटतात. चार घरांच्या फरकानं हुशार मुलगी स्वतःला मठ्ठ समजायला लागते, ह्याचा जन्माशी काय संबंध?

भाचीच्या लॅपटॉपवर 3.8 आवृत्ती होती. विंडोज 7 वर चालणारी पायथॉनची ती शेवटची आवृत्ती, त्यामुळे जुने संगणक तिथेच अडकलेले असतात. तुमच्याकडे कुठली आहे ते बघायला आयडल उघडा, एक ओळ लिहा आणि माउसनं >>> निवडून पाहा. कोन निळे झाले तर खिडकी जुनी. ती बदलता येत नसेल तर मुलांना कोड वेगळ्या फाइलमध्ये लिहून एफ5 दाबायला सांगा. तिथे ओळीपुढे >>> नसतंच.